जोड शोधणारे काका

खोली भाड्याने मिळेल का असं विचारायला मी गेले, तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार तर नाहीच विचारला. चष्मा कपाळावर ढकलून ते माझ्या चेहऱ्याकडे एवढा वेळ पाहत राहिले की मी परत फिरायच्या बेतात होते. मग म्हणाले, "तुझा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. लग्नाच्या फोटोत मी सारखा करून दिला असता. पण आता दुकान बंद आहे. चलो, खोली पाहून घे."

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीच्या आरशासमोर उभी राहिले. कान खरंच खाली होता. चोवीस वर्षांत हे माझ्या आईच्याही लक्षात आलं नव्हतं. मला राग आला आणि खोली मी त्याच रागात घेऊन टाकली.

मी बालाघाटहून जबलपूरला एका हिंदी दैनिकात नोकरीला आले होते. काकांचं घर गोरखपूरला होतं. हे गोरखपूर जबलपुरातलंच, बाजाराचं आणि दाटीवाटीच्या वस्तीचं. एवढं सांगून ठेवते, कारण माझी मावशी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होती की पोरगी उत्तर प्रदेशात गेली. काकांचा याच बाजारात फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायचं काम दुसरा माणूस करायचा. काका आत बसून बारीक ब्रशने आणि पेन्सिलीने फोटो दुरुस्त करायचे. मुरमं पुसायची, मिटलेले डोळे उघडायचे, टकलावर केस उगवायचे, आणि मुख्य म्हणजे जोडकाम.

जोडकाम म्हणजे फोटोत नसलेला माणूस फोटोत आणायचा. धाकटा भाऊ कलकत्त्याला नोकरीवर आहे, लग्नाला येऊ शकला नाही, तर त्याचा फोटो कापून वऱ्हाडात उभा करायचा. आजोबा वारले, त्यांचा बसलेला एक फोटो आहे, तर नातवाच्या मुंजीत त्यांना खुर्ची द्यायची. काही घरांत तर आजोबांचा फोटोच नसायचा. मग काका मुलालाच समोर बसवून त्याचा फोटो काढवायचे, त्याला मिशा द्यायचे, गाल खोल करायचे, डोक्यावर पगडी ठेवायचे आणि आजोबा तयार करून द्यायचे. "जबलपूरच्या मराठी घरांमध्ये भिंतीवर हार घातलेले म्हातारे पाहशील ना," ते मला सांगायचे, "त्यातले निम्मे माझ्या हातचे आहेत. पितृपक्षात माझ्या पेन्सिलीला नमस्कार करून राहिले लोक."

पण अशा प्रत्येक फोटोच्या पाठीवर ते बारीक अक्षरात 'जोडकाम' असं लिहून ठेवत. गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी लिहीत. एका घरच्यांनी ते खोडून द्यायला सांगितलं, तर काकांनी फोटोच परत घेतला. "समोरून खोटं चालेल," ते म्हणायचे, "पाठीवर खरं पाहिजे."

डिजिटल कॅमेरे आले आणि दुकान बसलं. काकू मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या. दुसरा कोणी असता तर देवळात नाही तर पत्त्यांच्या अड्ड्यावर रमला असता. काकांनी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, एका बोटाने टाइप करायला शिकले आणि ब्लॉग सुरू केला. ब्लॉग तेव्हा नवाच होता. आमच्या ऑफिसात कुणी तो शब्द उच्चारला तर बाकीचे हसायचे. काकांच्या ब्लॉगचं नाव होतं 'जोड़ कहाँ है'. रोज सकाळी ते चार पेपर घ्यायचे, त्यातला एकही वाचायचे नाहीत, फक्त फोटो पाहायचे. तेही आधी उलटे धरून. मी विचारलं, असं काहून करता? म्हणाले, "सरळ फोटो पाहिला की डोळा गोष्ट वाचत बसतो. उलटा धरला की फक्त उजेड आणि सावली दिसते. उजेडाला खोटं बोलता येत नाही." मग भिंग घेऊन ते जोड शोधायचे. सापडला की हिंदीत ब्लॉगवर लिहायचे. घरी आम्ही मराठी बोलायचो, मग ब्लॉग हिंदीत का, तर त्यांचं म्हणणं, खोटं ज्या भाषेत छापलं त्याच भाषेत ते पकडायला पाहिजे.

आमच्या घराची सकाळ यामुळे फार धोक्याची असायची. मी चहा घेऊन अंगणात यायचे आणि काका माझ्याच पेपरवर भिंग फिरवत असायचे. "या मंत्र्याच्या सभेत एकच माणूस तीनदा बसलाय," ते शांतपणे सांगायचे. "निळा शर्ट. पाहून घे." मी पाहायचे. निळा शर्ट तीनदा असायचा.

तेंदुआचं, म्हणजे बिबट्याचं, प्रकरण यातूनच झालं. कुणा वाचकाने आमच्या पेपरला फोटो पाठवला होता: वस्तीच्या भिंतीवर तेंदुआ बसलाय. जबलपूरच्या आसपास तेंदुए आहेतच, तेव्हा कुणाला शंका आली नाही, आणि तो पहिल्या पानावर मोठा छापला. शहरात हाहाकार उडाला. लोकांनी संध्याकाळचं फिरणं सोडलं, एका शाळेने मुलांना सुट्टी दिली, आमच्या गल्लीतली कुत्री तेवढी निवांत होती. काकांनी पेपर उलटा धरला, दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "तेंदुआ उजवीकडून उजळलाय, भिंत डावीकडून. दोन सूर्य जबलपूरला कधी उगवले बापा?"

त्यांनी तेच ब्लॉगवर लिहिलं, बाण काढून दाखवलं. दुपारपर्यंत अर्ध्या शहराने वाचलं. मी ऑफिसात ते भीतभीत संपादकांना दाखवलं. आमचे संपादक सज्जन होते, पण पेपर चुकतो हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणाले, "हम अख़बार हैं भैया. वो घर बैठे लिख रहा है. उसकी कोई ज़िम्मेदारी है?" बाईमाणसाला 'भैया' म्हणायची त्यांची सवय होती, मी मनावर घेत नसे. दुसऱ्या दिवशी सगळे चुकीची दुरुस्ती छापून येण्याची वाट पाहत होते. पेपरात आलं: 'तेंदुआ शहर छोड़कर गया'. म्हणजे नसलेला तेंदुआ आम्ही सन्मानाने जंगलात परत पोचवला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते कात्रण त्यांनी स्वयंपाकघरात डब्यांच्या वर चिकटवून ठेवलं होतं.

मी त्यावर पुष्कळ विचार केला होता. पेपरात फोटो चार जणांच्या हातून जातो: वार्ताहर, फोटोग्राफर, उपसंपादक, संपादक. चौघांनाही वाटतं आधीच्याने पाहिलं असेल, म्हणून कुणीच पाहत नाही. काका एकटे होते, म्हणून त्यांना पाहावंच लागायचं. हे मी एकदा त्यांना सांगितलं तर ते खूश झाले आणि त्या महिन्यात माझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून मिळाला.

पण काकांचीही एक गंमत होती. ते घराबाहेर जात नसत. भाजी दारावर, दूध दारावर, पेपर दारावर. आयुष्यभर आतल्या खोलीत दिव्याखाली बसून काम केलं होतं, बाहेरची त्यांना गरजच वाटत नसे. जबलपुरात राहून ते भेडाघाटला कधी नावेतून फिरले नव्हते, हे ऐकून मी थक्क झाले. पाहुणा आला की जबलपूरकर त्याला आधी भेडाघाटला नेतो, नर्मदेच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले संगमरवराचे कडे दाखवतो, मगच जेवायला वाढतो. काकांना पाण्याची भीती वाटायची. शिवाय त्यांच्या मते त्यांना भेडाघाट तोंडपाठ होता. स्टुडिओतला भेडाघाटचा पडदा त्यांनीच रंगवला होता, पिक्चर पोस्टकार्डावरून. कितीतरी नवरा-बायकांनी त्या पडद्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले आणि गावी जाऊन भेडाघाट पाहिल्याचं सांगितलं. "लोक तिथे जाऊन काय पाहतात," काका म्हणायचे, "भेडाघाट माझ्याकडे आहे."

आता सिहोऱ्याच्या बाई. सिहोरा हे जबलपूरच्या उत्तरेला बाजाराचं गाव. या बाई तिथल्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, वय सत्तर, अंगात नऊवारी. त्यांचे वडील भेडाघाटला नोकरीला असताना त्यांनी लेकीला नर्मदेत पोहायला शिकवलं होतं. तेव्हापासून दर वाढदिवसाला बाई बसने येतात, ठरलेल्या खडकावर चढतात आणि नदीत उडी मारतात. मला हे एका नाववाल्याने सांगितलं. मी ऑफिसचा छोटा कॅमेरा घेऊन गेले. भर दुपारी, फेब्रुवारीच्या उन्हात, बाईंनी काष्टा घट्ट केला, चष्म्याला दोरी बांधली, एका हाताने नाक धरलं आणि उडी मारली. माझ्या नशिबाने फोटो नेमका हवेतला आला. पदर मागे फुगलेला, पाय गोळा केलेले आणि चेहऱ्यावर असं हसू की पाहणाऱ्यानेही हसावं. माझी नोकरी तेव्हा सहा महिन्यांच्या परीक्षेवर होती, त्यातले पाच संपले होते. संपादकांनी फोटो शहराच्या पानावर छान छापला. खाली माझं नाव नव्हतं. तेव्हा नव्या लोकांचं नाव देत नसत.

मी दोन दिवसांची सुट्टी घेऊन बालाघाटला गेले, आईला फोटो दाखवायला. परत आले तर ऑफिसात सगळे एकाच कॉम्प्युटरभोवती जमलेले. काकांनी ब्लॉग लिहिला होता. मथळा: 'उड़ती हुई नानी'. मजकूर असा की बाईची हनुवटी, हाताची खालची बाजू, पदराची आतली घडी, सगळं उजळलेलं आहे. सूर्य वर असताना खालून उजेड येईल कुठून? बाईंचा फोटो खोलीत दिवा खाली ठेवून काढलाय आणि नदीवर चिकटवलाय. एका वाचकाने खाली लिहिलं होतं की चाचा, भेडाघाट में उजाला ऐसा ही होता है. त्याला काकांनी उत्तर दिलं होतं: 'चालीस साल फोटो बनाया है, बेटा.' तेंदुआमुळे काकांचा शब्द आता शहरात चालायचा. दुसऱ्या एका पेपरने तो ब्लॉग चवीने छापला.

संपादकांनी मला समोर बसवलं. "परसों खेद छापेंगे," ते म्हणाले. "और आपका पक्का होना मुश्किल है. समझ रही हैं न?" म्हणजे जो तेंदुआ नव्हता त्याच्याबद्दल खेद नाही, आणि जी बाई खरोखर होती तिच्याबद्दल खेद. मी म्हटलं, फोटो खरा आहे. ते म्हणाले, तो साबित कीजिए, कल शाम तक.

मी संतापून तडक घरी गेले. काका अंगणात शेंगा सोलत होते.

"काका, तो उडीचा फोटो मी काढलाय. या हाताने. माझी नोकरी जाऊन राहिली तुमच्यामुळे."

काकांचे हात थांबले. वाटलं, आता मऊ होतील. ते म्हणाले, "तू काढला असला म्हणून काय झालं? खोटा असेल तर तुझाही खोटा."

"मी तिथे उभी होते."

"मी फोटो पाहिला आहे."

"तुम्ही फोटो पाहिला, मी बाई पाहिली." मला रडू यायला लागलं होतं, आणि रडायचं नव्हतं. "उद्या चला भेडाघाटला. नावेत बसा. मग लिहा काय लिहायचं ते."

काकांनी हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "नाव बुडत तर नाही ना?"

मी सिहोऱ्याला बाईंच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला. बाई दुसऱ्या दिवशी बसने हजर. त्यांना मी सगळं समजावलं तर त्या काकांकडे वळल्या. "अच्छा, तुम्हीच का ते? मला दिव्यावर उभं करणारे?" काकांनी नमस्कार केला आणि नावेच्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसले. नाव निघाली तसे त्यांनी डोळे मिटले. नाववाला कड्यांची नावं सांगत होता, बाई त्याला दुरुस्त करत होत्या, आणि काका मनात काहीतरी पुटपुटत होते. कड्यांच्या मधोमध आलो. बाई खडकावर चढल्या आणि वरून म्हणाल्या, "अहो फोटोवाले, डोळे उघडा. मी या वयात तिसऱ्यांदा उडी मारणार नाही."

काकांनी डोळे उघडले. बाईंनी उडी मारली. पाणी आमच्या अंगावर उडालं. मी फोटो काढला, आणि मग पाहिलं तर काका बाईंकडे पाहतच नव्हते. त्यांनी फळीवरचा एक हात सोडला होता. तो समोर धरून ते त्याची खालची बाजू पाहत होते. हात वर करत, खाली आणत, पुन्हा पाहत. पाण्यावरून आणि पांढऱ्या दगडांवरून ऊन उलटं येऊन त्यांच्या तळव्यावर पडलं होतं. काकांचा चेहराही खालून उजळला होता. मी त्यांना इतकं तरुण कधी पाहिलं नव्हतं.

"हे तर खालून येऊन राहिलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं भेडाघाटचा पडदा वापरला, आणि उजेड मी वरून टाकला." मग त्यांना हसू फुटलं. बाई नावेला धरून पाण्यात होत्या, त्याही हसायला लागल्या, आणि नाववाला आम्हा तिघांना वेडे समजून वल्ही आवरून बसला.

तिथून आम्ही तिघं थेट माझ्या ऑफिसात गेलो. बाईंचे केस अजून ओले होते. संपादकांनी कॅमेऱ्यावरचा नवा फोटो पाहिला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "अच्छा है," ते म्हणाले, "पर लगता तो ये भी जोड़ा हुआ है." बाई खुर्चीतून उठल्या. "भैया, आसपास कोई तालाब हो तो चलिए. आपके सामने कूद देती हूँ." जबलपुरात तलावांना तोटा नाही. संपादक घाईने नको नको म्हणाले.

मग काका पुढे झाले. "ग़लती मेरी है. मैं आज ही लिखूँगा."

"लिखने की क्या ज़रूरत है?" संपादकांना सुटल्यासारखं झालं. "आप तो बस वो पुराना वाला हटा दीजिए. ब्लॉग में तो एक बटन दबाया और बात ख़तम."

"हटाऊँगा नहीं," काका म्हणाले. "हटा दिया तो लोगों को पता कैसे चलेगा कि मैं ग़लत था?"

तीस वर्षं पेपरात काढलेल्या माणसाने हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं असावं. संपादकांनी टेबलावरचा खेदाचा कागद उचलला, घडी केली आणि खिशात घातला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कल से टाइम पर आइए." मी रोज वेळेवरच येत होते, पण तो वाद घालायचा दिवस नव्हता. महिन्याभराने मी पक्की झाले.

काकांनी त्या संध्याकाळी लिहिलं. जुन्या मजकुराला हात लावला नाही. त्याच्या वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मथळा दिला: 'नानी सच्ची है, मैं कच्चा निकला'. खाली नव्या उडीचा फोटो. त्यावर वाचकांनी काय लिहावं? 'चाचा, इस बार जोड़ बहुत सफ़ाई से लगाया है.' काका कपाळाला हात लावून बसले. कुणी लिहिलं, बुढ़ऊ सठिया गए, म्हणजे म्हातारा भ्रमला. पुष्कळ वाचक त्यानंतर फिरकले नाहीत. काका पेपर घ्यायचे, पण उलटा धरत नव्हते, सरळही धरत नव्हते. घडी तशीच पडून राहायची, आणि मला ते अजिबात पाहवत नव्हतं.

हे बाईंनी ओळखलं की काय कोण जाणे. एका गुरुवारी त्या सिहोऱ्याहून पेरू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तो तुमचा ब्लॉग कसा उघडतात ते दाखवा." मग दर गुरुवारी येऊ लागल्या. काका पुन्हा लिहायला लागले, पण आता गुरुवारपर्यंत थांबायचे, बाईंना आधी वाचून दाखवायचे. बाईंना फोटोतलं काही कळत नव्हतं. त्या पेरू कापत ऐकायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या, "तुम्ही तिथे गेला होता का?"

काका उठून चपला शोधायला लागायचे.

त्या उन्हाळ्यात आमच्या पेपरात एक फोटो आला: रोज बाजाराला जायला सिहोऱ्याच्या बसमध्ये बसणारी बकरी. तोही मीच काढला होता, आणि या वेळी खाली नाव होतं. काकांनी पेपर उलटा धरला. भिंग घेतलं. खिडकीच्या काचेपाशी त्यांना जोड दिसला, अगदी स्पष्ट. मी चहा घेत बसले. त्या काचेवर काय चमकत होतं ते माझं मलाच सांगता आलं नसतं. काकांनी कागद-पेन्सिल पिशवीत टाकली आणि एकटेच सिहोऱ्याची बस पकडायला गेले.

परत आले ते दिवेलागणीला. नाक उन्हाने लाल झालेलं, धोतराला केस चिकटलेले. मी दारातच उभी होते.

"खरी आहे बापा," काका म्हणाले. "माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिचा स्टॉप आला तरी मी उठवलं नाही."